मुस्तफाची पेटी : अंत्रुजातील एका व्हिडिओ गेम यंत्राच्या जीर्णोद्धाराचे प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या, म्हणजेच अंत्रुजातल्या, एका कुटुंबाच्या मांगरात (घराबाहेरील कोठारात) सुमारे वीस वर्षे झाकून ठेवलेले व्हिडिओ गेमचे एक यंत्र पुन्हा चालू करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते सहा-सात आठवड्यांत आटोपेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ लागला, आणि त्या काळात घेतलेल्या काही निर्णयांबद्दल मला आजही पूर्ण समाधान नाही. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही घरगुती तपशील गाळले आहेत. यंत्राचे तपशील मात्र माझ्या कामाच्या वहीत नोंदवले तसेच दिले आहेत.

कुटुंबातील वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, १९९० च्या दशकात आपल्या चहाच्या दुकानाला लागून असलेल्या खोलीत तीन यंत्रे ठेवून पार्लर चालवीत असत. पुढे संगणकाची केंद्रे निघाली, घरच्या टीव्हीला जोडायचे गेम स्वस्त झाले आणि मुलांची गर्दी ओसरली. दोन यंत्रे विकली गेली. सर्वांत जास्त कमाई केलेले तिसरे मांगरात आले. अण्णा आता हयात नाहीत. यंत्र दुरुस्त करून घ्यावे ही कल्पना त्यांच्या मुलीची आणि खर्चाची जबाबदारी थोरल्या मुलाची. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो, त्यामुळे दोघेही मला मास्तर म्हणतात. येथे मी त्यांचा उल्लेख बाय आणि थोरला असा करतो. लाकडाचे सर्व काम एका अनुभवी मेस्ताने, म्हणजे सुताराने, केले.

हे यंत्र जपानहून किंवा अमेरिकेतून आलेले नव्हते, ही गोष्ट पुढच्या सगळ्या निर्णयांना कारणीभूत ठरली. १९८० च्या दशकाच्या मध्यात जपानी उत्पादकांच्या संघटनेने ‘जॅमा’ नावाने ओळखली जाणारी जोडणीची पद्धत ठरवून दिली. ५६ टोकांचा एकच कनेक्टर, त्यात कोणत्या टोकावर पाच व्होल्ट, कोणत्या टोकावर लाल रंगाचा सिग्नल आणि कोणत्या टोकावर पहिल्या खेळाडूचे बटण, हे सर्व निश्चित. त्यामुळे पेटी कोणीही बनवावी, तीत बोर्ड कोणताही बसवावा, असे शक्य झाले. आपल्याकडच्या बहुतेक पार्लरमधील यंत्रे अशीच उभी राहिली : प्लायवुडची पेटी गावातल्या सुताराची, पिक्चर ट्यूब आणि चॅसी (ट्यूब चालवणारे सर्किट) घरगुती टीव्हीची, बटणे आणि हँडल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले, आणि बोर्ड बहुधा मूळ कंपनीच्या परवानगीशिवाय बनवलेली नक्कल.

अण्णांच्या पेटीत शेवटी राहिलेला बोर्ड कॅपकॉम कंपनीच्या १९९३ सालच्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ या खेळाची अशीच नक्कल होता. या खेळाचे मूळ नाव आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असेल. पिवळी टोपी घातलेल्या एका पात्राच्या नावावरून मुले त्याला ‘मुस्तफा’ म्हणत, आणि यंत्राच्या माथ्यावरील काचेवरही कोणा बोर्ड रंगवणाऱ्याने देवनागरीत ‘मुस्तफा’ असेच लिहिले होते. नियंत्रणाच्या पत्र्यावर दोन बटणांच्या बाजूला पांढऱ्या रंगात हाताने लिहिलेले दोन शब्द होते : ‘मार’ आणि ‘उडी’.

अडचण कशी सुरू झाली

मला बोलावण्याआधीच एक घटना घडून गेली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस नुकताच सुरू झालेला असताना, घरातील एका तरुण मुलाने यंत्र चालते का ते पाहण्यासाठी पिन लावली. काही क्षण पडद्यामागून चटचट आवाज आला, जळका वास सुटला आणि फ्यूज उडाला. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. बंद यंत्र दिसले की ते चालू करून पाहावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु गोव्याच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि वीस वर्षांची धूळ त्या ओलाव्यात वीजवाहक होते. पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टहून अधिक दाब पुरवणारा भाग, ज्याला टीव्ही मेकॅनिक एलओटी म्हणतात, त्याच्या आवरणावरून ठिणगी वाहिली. एलओटी निकामी झाला आणि त्याला चालवणारा ट्रान्झिस्टरही शॉर्ट झाला. यंत्र आधी वाळवून आणि साफ करून घेतले असते, तर हा एलओटी बहुधा वाचला असता, आणि कामातील तीन आठवडेही वाचले असते.

मी गेलो तेव्हा पहिला निर्णय सोपा होता : आता काहीही चालू करायचे नाही. पेटी मांगरातून घराच्या पडवीत आणली, मागची फळी काढली आणि आत ४० वॉटचा एक साधा बल्ब टांगून तो दहा दिवस अहोरात्र पेटता ठेवला. जुन्या काळी कपाटातली बुरशी घालवण्यासाठी लोक हेच करीत. त्याआधी प्रत्येक वायरचा फोटो काढला आणि कोणती वायर कुठे जाते याचा नकाशा वहीत उतरवला. हा नकाशा काढताना कंटाळा येतो, पण या प्रकरणात त्याच्यावाचून पुढचे एकही पाऊल टाकता आले नसते, कारण वायरींच्या रंगांना काहीच नियम नव्हता. एकाच पाच व्होल्टच्या रेषेत लाल, हिरवी आणि पुन्हा लाल अशी तीन तुकड्यांची वायर डाग मारून (सोल्डर करून) जोडलेली होती.

तपासणीत आणखी तीन गोष्टी उघड झाल्या. पेटीचा तळ आणि दोन्ही बाजूंचा खालचा सुमारे आठ इंचांचा भाग वाळवीने पोखरला होता. बोर्डाच्या कनेक्टरची टोके काळी-हिरवी पडली होती. आणि तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर होती.

बायने सहज बोलता बोलता सांगितले, “मास्तर, हात ओले असले की या बटणांच्या पत्र्याला झिणझिण्या यायच्या. म्हणून अण्णा मुलांना पाटावर उभे करायचे.”

तो पाट अजून घरात आहे. तो लहान मुलांची उंची वाढवण्यासाठी ठेवला होता असेच थोरल्याला इतकी वर्षे वाटत होते. मी चॅसी तपासली तेव्हा कारण सापडले : तिच्यात येणारी घरची एसी वीज थेट रेक्टिफाय (डीसी) केलेली होती, मध्ये ट्रान्सफॉर्मर नव्हता. घरगुती टीव्हीत ही रचना चालून जाते, कारण तिथे सगळे प्लॅस्टिकच्या पेटीत बंद असते आणि माणसाचा हात चॅसीला लागत नाही. येथे मात्र त्याच चॅसीची ग्राउंड गेम बोर्डाच्या ग्राउंडला, आणि तिथून बटणांच्या वायरींद्वारे लोखंडी पत्र्याला जोडली गेली होती. म्हणजे ज्या पत्र्यावर मुले हात टेकवून खेळत, तो पत्रा घरच्या विजेपासून तुटलेला नव्हता. अण्णांनी पाट ठेवून जे जमले ते केले. त्यांना कोणी याहून नीट सांगितले नसावे.

समोर असलेले पर्याय

जुलैच्या सुरुवातीला पडवीत बसून आम्ही चौघांनी पर्यायांचा विचार केला. घरातील मुंबईची मंडळी चवथीला (गणेश चतुर्थीला) येणार असल्यामुळे यंत्र तोपर्यंत चालू व्हावे, अशी थोरल्याची इच्छा होती. मी त्या दिवशी ‘बघूया, प्रयत्न करू’ असे म्हणालो. ही माझी चूक होती, आणि तिच्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

थोरल्याचे म्हणणे असे होते की पेटीच नवी करावी. इंटरनेटवर मूळ अमेरिकी यंत्राची चित्रे मिळतात, ती छापून बाजूंना चिकटवता येतील; आत सपाट एलसीडी पडदा आणि शेकडो खेळ असलेला तयार बोर्ड बसवावा. हा पर्याय स्वस्त होता, सुरक्षित होता आणि चवथीपूर्वी नक्की पूर्ण झाला असता. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. एखाद्या उपाहारगृहासाठी कोणी मला यंत्र मागितले, तर मी हाच सल्ला देईन.

माझा स्वतःचा कल सुरुवातीला वेगळा होता. बोर्ड आणि पिक्चर ट्यूब जुनीच ठेवावी, पण पेटी टाकून द्यावी, असे मला वाटत होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाला लाकूड दुय्यम वाटते. शिवाय ही पेटी कुठल्या नामांकित कारखान्याची नाही, गावठी आहे, तिच्यात जपण्यासारखे काय, असा विचार माझ्या मनात होता, हे मी येथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

मत बदलले ते मेस्तामुळे. त्याने बाजूच्या लाल सनमायकाचा सुटलेला कोपरा हलक्या हाताने उचलला, तर खाली हाताने रंगवलेली निळी बाजू होती, तिच्यावर पांढऱ्या रेघा. नियंत्रणाच्या पत्र्याच्या खालून पाहिल्यावर दिसले की प्रत्येक खेळाडूसाठी सहा भोके पाडलेली आहेत, त्यांपैकी प्रत्येकी चार भोके लाकडी गुळगुळीत बुचांनी बंद करून वरून रंगवलेली आहेत. बायला लगेच आठवले : मुस्तफाच्या आधी या पेटीत ‘स्ट्रीट फायटर २’ होता. १९९१ च्या त्या खेळाला दर खेळाडूमागे सहा बटणे लागतात आणि जॅमाच्या कनेक्टरमध्ये दर खेळाडूला तीनच बटणांची सोय आहे, म्हणून उरलेल्या बटणांसाठी वेगळी जोडणी लागत असे. त्या जोडणीची तुटकी वायर आम्हाला पेटीत लोंबकळताना सापडलीच होती. मुस्तफाला मार आणि उडी एवढी दोनच बटणे पुरतात. ही बुचे कोणी बसवली, हे मेस्ताने त्यांचा कातीव गुळगुळीतपणा पाहूनच ओळखले. “ही माझ्या गुरूच्या हातची,” तो म्हणाला. “पेटीसुद्धा त्यांचीच असणार.”

तेथून पुढे प्रश्नाचे रूप बदलले. अमेरिकी यंत्राची चित्रे चिकटवून आम्ही जे ‘मूळ’ रूप आणणार होतो, ते या यंत्राला कधीच नव्हते. याचे मूळ रूप म्हणजे अंत्रुजातल्या एका सुताराची पेटी, तिच्यावर एका रंगाऱ्याचे अक्षर, तिच्यात एका मेकॅनिकने वाकवून बसवलेला टीव्ही. जपानी कारखान्यातील पेट्या जगभरच्या संग्राहकांकडे जपलेल्या आहेत; या पेट्यांचे मात्र कोणी काही लिहून ठेवले नाही, आणि बहुतेक केव्हाच भंगारात गेल्या. त्यामुळे पेटी टाकण्याचा विचार मी सोडला. थोरला लगेच तयार झाला नाही. जुने ठेवायचे म्हणजे खराब ठेवायचे का, हा त्याचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर प्रत्येक भागापुरते वेगळे द्यावे लागले.

पडद्याबद्दलचा निर्णय

एलसीडीचा आग्रह थोरल्याने बराच काळ धरला. वादाने तो प्रश्न सुटला नसता, म्हणून मी माझ्या टेबलावर चाचणी मांडली. बोर्ड दुरुस्त झाल्यावर तो एका स्वस्त कन्व्हर्टरमार्फत घरच्या एलसीडी टीव्हीला जोडला आणि थोरल्याला खेळायला बसवले. त्याने या खेळावर लहानपणी पुष्कळ टोकन खर्च केली आहेत. पाच मिनिटांत तो म्हणाला, “मास्तर, उडी उशिरा पडते.” कन्व्हर्टर आणि टीव्ही मिळून चित्र काही क्षणांश साठवून मग दाखवतात, सिनेमा पाहताना ते कळत नाही, पण बटण दाबणाऱ्या बोटाला कळते. महागड्या कन्व्हर्टरने हा उशीर पुष्कळ कमी होतो हेही मी त्याला सांगितले. तरीही त्या संध्याकाळनंतर त्याने पिक्चर ट्यूबला विरोध केला नाही.

ट्यूब ठेवायची तर चॅसीचे काय, हा खरा कठीण प्रश्न होता. टीव्ही दुरुस्तीवाले आजकाल जुनी चॅसी काढून बाजारात मिळणारे तयार चायना किट बसवतात. ते सोपे पडले असते, परंतु त्या किटमध्ये बोर्डाकडून येणारे लाल, हिरवा आणि निळा हे सुटे सिग्नल घेण्यासाठी पुन्हा वेगळी फोडाफोड करावी लागली असती. शिवाय जुन्या चॅसीवर एका अनामिक मेकॅनिकने केलेले काम मला मोडवत नव्हते. आपला टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र आखतो, गेम बोर्ड सुमारे ६० वेळा. नुसते जोडले तर चित्र उभे धावत सुटते, आणि ते पकडले तरी उंचीने आखूड होते. त्या मेकॅनिकने उभ्या स्कॅनच्या सर्किटमध्ये दोन रेझिस्टर आणि एक कंडेन्सर बदलून हे सगळे जमवले होते, आणि रंगांचे सिग्नल ट्यूबच्या मानेवरील बोर्डाला थेट दिले होते. हातात आराखडा नसताना, बहुधा ऑसिलोस्कोपही नसताना, केलेले हे काम आहे.

म्हणून चॅसी ठेवली. तिच्यातील सर्व इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलले आणि भेगाळलेले डाग पुन्हा मारले. शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर बीयू ५०८ होता, तो सहज मिळाला. एलओटीसाठी मात्र पायांची रचना जुळवत तीन आठवडे शोध घ्यावा लागला आणि अखेर मुंबईहून जुन्या साठ्यातील दोन नग आणवले. त्यांतील एक जपून ठेवला आहे. जो भाग पुन्हा मिळण्याची खात्री नाही, तो मिळाला की दोन घ्यावेत, हा नियम मी यापुढेही पाळीन.

विजेच्या धक्क्याच्या प्रश्नावर मात्र जुने जपण्याचा विचारच केला नाही. चॅसीला येणाऱ्या विजेच्या मार्गात २३० ला २३० व्होल्ट देणारा, २०० व्हीए क्षमतेचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला. त्यामुळे चॅसी घरच्या विजेपासून तुटली. मग तिची ग्राउंड, बोर्डाची ग्राउंड आणि लोखंडी पत्रा हे तिन्ही एकत्र करून अर्थिंगला जोडले. पडवीतल्या त्या सॉकेटला अर्थिंगची वायरच नव्हती असे आढळले, ती घरातील वायरमनकडून ओढून घेतली आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवला. जुन्या यंत्रावर काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने दोन आकडे ध्यानात ठेवावेत. २३० व्होल्टची वीज रेक्टिफाय झाली की मुख्य कंडेन्सरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. आणि पिक्चर ट्यूबच्या टोपीखाली राहिलेला हजारो व्होल्टचा भार पिन काढल्यावरही बराच काळ, कधी काही दिवसही, टिकू शकतो. दोन्ही रिकामे केल्याशिवाय आत हात घालू नये, आणि ते कसे रिकामे करायचे हे माहीत नसेल, तर ते काम माहीतगाराकडेच सोपवावे.

बोर्ड : कामाचा क्रम महत्त्वाचा ठरला

बोर्डाची दुरुस्ती तांत्रिकदृष्ट्या सोपी होती, पण तिच्यात एक सापळा होता. जुन्या पॉवर सप्लायवर भार म्हणून गाडीच्या हेडलाइटचा बल्ब लावून मोजले, तेव्हा पाच व्होल्टच्या रेषेवर ५.६ व्होल्ट मिळाले. सप्लाय बिघडला आहे असे प्रथम वाटले. नंतर लक्षात आले की कोणीतरी त्याचा स्क्रू मुद्दाम फिरवून दाब वाढवला होता. कनेक्टरची टोके गंजल्यामुळे वाटेतच व्होल्टेज पडत होते, बोर्डापर्यंत पाच व्होल्ट पोहोचत नव्हते, आणि खेळ मध्येच अडकत असे. टोके साफ करण्याऐवजी दाब वाढवून वेळ निभावली होती. मी आधी टोके साफ करून मग बोर्ड जोडला असता, तर त्याच्या चिपांना ५.६ व्होल्ट मिळाले असते. या जातीच्या चिपांची कमाल मर्यादा साधारण ५.२५ व्होल्ट असते. सप्लाय आधी वेगळा मोजण्याची सवय होती म्हणून बोर्ड वाचला.

स्क्रू मागे घेऊन दाब ५.०५ वर आणला. बोर्डाची टोके पांढऱ्या खोडरबराने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केली. पॉलिश पेपर वापरला नाही, कारण त्याने टोकांवरचा पातळ मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज आणखी वेगाने चढतो. समोरचा ५६ टोकांचा कनेक्टर मात्र नवा घातला. बोर्ड चालू झाला, पण पात्रांच्या आकृत्यांवर उभ्या रेषा दिसत होत्या, म्हणजे चित्रे साठवलेल्या चिपांपैकी एखादी बिघडली होती. सर्व ईप्रॉम (खेळाची माहिती साठवणाऱ्या चिपा) एकेक करून वाचल्या आणि त्यांची बेरीज-खूण (चेकसम) ‘मेम’ या आज्ञावलीतील नोंदींशी ताडली. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प लोकांना संगणकावर जुने खेळ चालवण्यासाठी माहीत आहे, पण माझ्या लेखी त्याचे मोठे मोल या नोंदींत आहे. कोणत्या बोर्डातील कोणत्या चिपेत नेमके काय असायला हवे, हे त्यामुळे कळते, आणि नकली बोर्डांच्याही नोंदी त्यात आहेत. एक चिप दर वाचनाला वेगळे उत्तर देत होती. ती नवी भरून बसवली, रेषा गेल्या. उरलेल्या चिपांच्या खिडक्यांवर अपारदर्शक पट्ट्या लावल्या, कारण मूळ पट्ट्या गळून पडल्या होत्या आणि अतिनील प्रकाशाने या चिपांतील माहिती पुसली जाते.

नक्कल असलेला बोर्ड जपावा का, हा प्रश्न बायने विचारला होता. परवानगीशिवाय केलेली नक्कल ती नक्कलच, आणि यंत्राच्या वहीत आम्ही तशी स्पष्ट नोंद केली आहे. पण या पेटीत जे घडले, ते याच बोर्डावर घडले. कॅपकॉमच्या अस्सल बोर्डावर ध्वनीचा प्रोसेसर संकेतबद्ध असतो आणि त्याची किल्ली एका बॅटरीच्या आधारावर टिकते. बॅटरी संपली की तो प्रोसेसर काम करीत नाही. अस्सल बोर्ड वीस वर्षे मांगरात पडला असता, तर तो असा सहज उठला नसता. नकलेत ती बॅटरी नव्हती.

लाकूड, रंग आणि माझी चूक

मेस्ताने पोखरलेला भाग सरळ रेषेत कापून काढला आणि मरीन प्लायचे नवे तुकडे अर्धा सांधा घेऊन जोडले. बाहेरून सांधा नजरेत भरत नाही. आतून तो मुद्दाम उघडा ठेवला आहे आणि त्यावर पेन्सिलीने तारीख लिहिली आहे, म्हणजे जुने कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते हे पुढच्या माणसाला कळेल. उरलेल्या लाकडाला आतून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी दोनदा पाजले. तळाखाली जाड रबरी पाय लावले, त्यामुळे पेटी आता जमिनीला टेकत नाही. लाल सनमायका काढून खालची निळी बाजू उघडी करावी की काय, यावर बराच विचार झाला. दोन्ही अण्णांच्याच काळातील होती. अखेर सनमायका तशीच ठेवली. सुटलेला कोपरा मात्र चिकटवला नाही, निळा रंग पाहता यावा म्हणून.

ऑगस्टमध्ये वेळेचा ताण वाढला. प्लायची नवी जोडणी सुकायला आणि वरचा हात लावायला कोरडी हवा लागते, आणि त्या दिवसांत पाऊस थांबायला तयार नव्हता. हीटर लावून घाई करता आली असती. मेस्ताने स्पष्ट नकार दिला, आणि तो योग्य होता, कारण ओल्या लाकडावर चढवलेला थर डिसेंबरमध्ये फुगून सुटतो. चवथीला घरात माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बांधली गेली, मुंबईची मंडळी आली, आणि पडवीत उघड्या आतड्यांची पेटी उभी होती. थोरला काही बोलला नाही, पण त्याला वाईट वाटले हे मला दिसत होते. गोव्यात जूनमध्ये सुरू केलेले लाकडाचे काम चवथीला पूर्ण होत नाही, हे मला ठाऊक होते. ते मी जुलैतच ठामपणे सांगायला हवे होते. ‘प्रयत्न करू’ या शब्दांनी मी एक अवघड क्षण टाळला आणि त्याची किंमत त्यांनी सणाच्या दिवशी मोजली.

दुसरी चूक त्याच घाईतून झाली आणि ती भरून येणारी नाही. नियंत्रणाच्या पत्र्यावर तेल, धूर आणि घामाचा चिकट थर बसला होता. साबणाच्या पाण्याने तो हलेना, म्हणून मी कापडावर थोडे थिनर घेतले. कोपऱ्यात, जिथे कोणाचे लक्ष जात नाही अशा जागी, आधी तपासून पाहण्याचा नियम मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवला होता. त्या दिवशी मी तो पाळला नाही. पहिल्याच पुसण्यात पहिल्या खेळाडूच्या बाजूचा ‘उडी’ हा शब्द कापडावर आला. हात लगेच मागे घेतला, पण तोपर्यंत फक्त ‘उ’ची वरची रेघ उरली होती. ‘मार’ आणि दुसऱ्या बाजूचे दोन्ही शब्द वाचले.

मी त्याच संध्याकाळी बायला बोलावून कापड दाखवले. आपल्याकडे आधीचे फोटो आहेत, अक्षर हुबेहूब पुन्हा रंगवून घेता येईल, असे सुचवले. तिने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, “नको मास्तर. ते अक्षर ज्याचं होतं त्याचंच. तुम्ही वहीत लिहून ठेवा काय झालं ते.” मी लिहून ठेवले आहे. थर नंतर कोमट पाणी, सौम्य साबण आणि कापसाच्या काड्यांनी चार दिवसांत निघाला. म्हणजे थिनरची गरजच नव्हती, वेळेची होती. माथ्यावरच्या काचेला मी हातच लावला नाही. तिचा रंग मागच्या बाजूने पापुद्रे धरू लागला आहे, म्हणून तिच्यामागे थोडे अंतर ठेवून दुसरी साधी काच बसवली आणि उष्णता देणारी जुनी ट्यूबलाइट काढून मंद एलईडी पट्टी लावली.

परिणाम

दिवाळीच्या आदल्या दिवशी यंत्र पूर्ण जोडून चालू केले. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग दोन तास, आणि प्रत्येक वेळी मागची फळी उघडून ट्रान्सफॉर्मर आणि एलओटी किती तापला ते पाहिले. अर्थिंगची तपासणी करून ओल्या हाताने पत्र्याला स्पर्श केला, झिणझिणी नव्हती. नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरकासुराचे पुतळे मिरवण्याच्या रात्री, गल्लीतली मुले जागी होतीच. ती पडवीत आली, आणि थोरल्याने नाणेपेटीच्या आत बसवलेले लहान बटण दाबून त्यांना खेळ सुरू करून दिला. टोकनची फट चालू स्थितीत आहे. बायने जपून ठेवलेली सात टोकन त्यातून अजून जातात. पाट यंत्रासमोर पुन्हा ठेवला आहे, आता खरोखरच उंचीसाठी.

यंत्र रोज वापरात नाही. दर रविवारी अर्धा तास ते चालवायचे आणि पावसाळ्यात आत पुन्हा बल्ब लावायचा, असे ठरले आहे. प्रत्येक वेळची नोंद बाय वहीत करते. ताज्या नोंदीनुसार लाल रंग गरम व्हायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेतो. ट्यूबची शक्ती कमी होत चालली आहे, आणि मानेवरच्या बोर्डावरून रंग सावरण्याची माझ्या हातातली जागा आता थोडीच उरली आहे. त्याच मापाची एक चालू ट्यूब मी एका भंगारवाल्याकडून घेऊन गोणपाटात गुंडाळून त्यांच्या माळ्यावर ठेवली आहे. ती केव्हा बसवायची, की जुनी पूर्ण विझेपर्यंत थांबायचे, यावर बाय आणि थोरला यांचे अजून एकमत झालेले नाही.